थर्माकोलचं धरण आणि कळश्यांची वही

पत्र थोडक्यात असं:

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेनं हे पत्र लिहिलं आहे. नोकरीला सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांनी सातवीच्या ५२ मुलांना ‘पाण्याची बचत’ या विषयावर प्रकल्प दिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर १९ मुलं थर्माकोलची धरणं आणि ठिबक सिंचनाच्या प्रतिकृती घेऊन आली. त्यांतल्या तीन तर एकाच दुकानातल्या, हुबेहूब सारख्या. बहुतेकांनी रंगीत चित्रं चिकटवून, स्पायरल करून वह्या आणल्या. एका मुलानं मात्र वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली साधी दोनरेघी वही दिली. घाईत मांडणी बघून त्याला दहापैकी सहा गुण पडले आणि धरणांना नऊ. आठवड्यानं बाईंनी ती वही नीट वाचली. घरी रोज किती कळश्या पाणी भरलं आणि ते कशाकशाला लागलं, याचा एकवीस दिवसांचा हिशेब त्यात होता. त्याच सुमारास एक आई शाळेत येऊन म्हणाल्या, “बाई, प्रकल्पाला आठशे रुपये गेले. माझा तीन दिवसांचा रोज.” यंदा बाईंना प्रकल्प नकोसेच झाले आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, संचिका पूर्ण पाहिजे. बाई विचारतात: प्रकल्प बंद करून सरळ चाचणीवर गुण द्यावेत का? की पालकांनी हात लावायचा नाही असा नियम करावा? आणि त्या मुलाला मी काय सांगू?

नमस्कार बाई,

तुमच्या तीन प्रश्नांतला शेवटचा मला सर्वांत जवळचा वाटला. त्याचं उत्तर शेवटी देते, कारण पहिल्या दोन प्रश्नांवर तुम्ही काय ठरवता यावर ते अवलंबून आहे. मी स्वतः एकतीस वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवलं. गुण नोंदवून झाल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, तुम्ही ती वही पुन्हा उघडलीत. पन्नासच्या पटात हे किती अवघड असतं ते मला माहीत आहे, म्हणून आधी त्याबद्दल तुमचं कौतुक.

तुमच्या पत्रात पालकांवरचा राग जागोजागी दिसतो. पालक करून देतात, विकत आणतात, मुलांना आयतं मिळतं. हे खोटं नाही. पण क्षणभर त्या पालकांच्या जागी बसून बघा. सुट्टी संपत आली आहे. मूल म्हणतं, “सोमवारी प्रकल्प द्यायचाय, विषय पाण्याची बचत.” आता या विषयात त्या मुलानं शोधायचं काय आहे? उत्तर पहिलीपासून पाठ आहे: नळ बंद करा, पाणी जपून वापरा, पावसाचं पाणी साठवा. शोधण्यासारखं काही नसेल तर सजवणं तेवढं उरतं. आणि सजावटीत बारा वर्षांच्या हाताची मोठ्या माणसाच्या हाताशी बरोबरी होणार नाही. वर गुण पडणार मांडणीला. मग आईबापांनी कात्री आणि फेविकॉल हातात घेतला, किंवा दुकान गाठलं, तर त्यांनी आपण मागितलेलंच आणून दिलं. चूक विषयात होती आणि मोजपट्टीत होती. या दोन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत, म्हणून मला ही खरं तर चांगली बातमी वाटते. ५२ घरांना सुधारण्यापेक्षा एक प्रश्न सुधारणं सोपं.

‘प्रकल्प’ हा शब्द शाळेत आला कुठून, तेही आठवून बघण्यासारखं आहे. १९१८ साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजातले प्राध्यापक विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवर एक निबंध लिहिला आणि ही कल्पना जगभर पसरली. त्यांच्या लेखी प्रकल्प म्हणजे मुलानं स्वतःच्या हेतूनं, मन लावून, चार जणांत राहून केलेलं काम. त्यात प्रतिकृती असलीच पाहिजे असं कुठेही नाही. तुमच्या त्या मुलाच्या घरी पाणी ही रोजची ओढाताण असणार. त्याला कळश्या मोजाव्याशा वाटल्या, आणि त्यानं एकवीस दिवस त्या मोजल्या. एकवीस दिवस! मोठ्या माणसांची डायरी तिसऱ्या दिवशी बंद पडते.

आता पहिला पर्याय: बंद करणं. गुणांच्या हिशेबानं पाहिलं तर तुम्ही प्रकल्पाला फार मोठं ओझं मानताय. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात सातवीला आकारिकला, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाला ४० आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला ६० असा भार आहे. त्या ४० मध्येही प्रकल्प हे आठांपैकी फक्त एक साधन आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, लेखी चाचणी, स्वाध्याय वगैरे बाकीची मंडळी आहेतच. प्रकल्पाचे गुण कमी ठेवले तर आभाळ कोसळणार नाही, आणि पालकांची धावपळही आपोआप थोडी थांबेल. पण साफ बंद करू नका असंच मी म्हणेन, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. ‘पाणी बचतीचे पाच उपाय लिहा’ असा प्रश्न चाचणीत आला असता, तर त्या मुलानं इतरांसारखीच पाच वाक्यं लिहिली असती. तो मोजतो, टिकून राहतो, हिशेब जुळवतो, हे तुम्हाला कधीच कळलं नसतं. लेखी परीक्षेत मागे राहणारी अशी तीन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. काहीतरी मोजायला, बांधायला, विचारायला मिळालं की ती उजळून निघतात. त्यांच्यासाठी एवढी एकच खिडकी आहे. ती उघडी ठेवू या.

दुसरा पर्याय नियमाचा. ‘पालकांनी हात लावायचा नाही’ हा नियम तुम्ही तपासणार कसा? मुलाला समोर उभं करून विचारणार, “हे तू केलंस का?” ते मूल आईवडिलांना पाठीशी घालण्यासाठी खोटं बोलणार, आणि तेही तुमच्या डोळ्यांत बघून. मी हे एका वर्षी करून बसले आहे. वर्गातल्या एका मुलीला सर्वांसमोर विचारलं. तिनं “हो” म्हटलं, मग रडायला लागली. तिचा तो रडवेला चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो. त्यानंतर मी कधी तसं विचारलं नाही.

शिवाय प्रत्येक मदत वाईट नसते. एखाद्याचे वडील गवंडी असतात, एखादीची आजी बियाणं राखून ठेवते, कुणाचा मामा वायरमन असतो, कुणाच्या घरी विहिरी खोदायचं काम पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं असतं. या माणसांकडचं ज्ञान वर्गात यायलाच हवं. मूल घरी जाऊन विचारतं, “आपल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती फुटांवर असतं?” आणि आजोबा सांगतात, हे फार चांगलं घडणं आहे. आजोबांनी विहिरीची प्रतिकृती करून दिली तर मात्र मुलाच्या हाती काही लागत नाही. म्हणून पालकांना दूर ठेवण्यापेक्षा त्यांची जागा बदला. त्यांनी माहिती द्यावी, आठवणी सांगाव्यात. लिहिणं, मोजणं, चिकटवणं मुलांचं. मुलांना एवढंच सांगा की घरच्यांपैकी कुणी काय सांगितलं ते त्यांच्या नात्यासह वहीत लिहायचं: ‘आजोबांनी सांगितलं’, ‘मामाला विचारलं’. मग मदत लपवावी लागत नाही.

आणि मी तुमच्या जागी असते तर प्रकल्प घरून उचलून शाळेत आणला असता. शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात. घरी देण्याचा प्रकल्प म्हणजे घराघरांतल्या फरकाला गुण देणं. कुणाच्या घरी प्रिंटर आहे, कुणाकडे अभ्यासाला दिवा मिळायची मारामार. आठशे रुपये कुणाला हॉटेलच्या एका जेवणाचे आणि कुणाला तीन दिवसांच्या मजुरीचे. शाळेच्या पटांगणावर ऊन सगळ्यांवर सारखं पडतं.

उन्हावरून माझा एक अनुभव सांगते. कराडजवळच्या एका शाळेत मी आठवीला शिकवत होते. भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा धडा येतो. मी मुलांना विचारलं, सावली सर्वांत छोटी किती वाजता होते? सगळे एका सुरात म्हणाले, “बारा वाजता!” म्हटलं, बघू या. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. पटांगणात एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी केली आणि बाराला सुरुवात करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची ठरवली. बारा वाजले, सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. सावली आपली लहानच होत चालली होती. मुलं अस्वस्थ. एकाला वाटलं घड्याळ चुकलं, एकीला वाटलं काठी कलली. पुढे दोन गटांचं जोरदार भांडण लागलं. एक म्हणे सर्वांत छोटी सावली १२:३५ ला, दुसरा म्हणे १२:४५ ला. दोघांच्या वह्यांत आकडा एकच, ८२ सेंटीमीटर.

भांडण खरं होतं, कारण मध्यान्हीच्या आसपास पाच मिनिटांत सावली जेमतेम अर्धा मिलिमीटर हलते. खडूच्या रेघेची जाडीच त्याहून जास्त. मुलांची मोजपट्टी हरली होती, मुलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आपल्याकडची जुनी रीत वापरली. काठीभोवती दोरीनं एक मोठं वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं ती वेळ लिहिली, दुपारी पुन्हा शिवलं ती वेळ लिहिली, आणि दोन्हींच्या बरोबर मधली वेळ काढली. ती १२:४० च्या आसपास आली. ते दोन बिंदू जोडल्यावर पूर्व-पश्चिम रेषाही मिळाली.

मग प्रश्न आला, १२:४० का? प्रमाण वेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची, आपलं गाव साधारण ७४° वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तेहतीस-चौतीस मिनिटांचा हिशेब मुलांनी स्वतः लावला. पण उरलेल्या सहा-सात मिनिटांचं काय? मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं आणि मी तसं सांगितलं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी पुढे तर कधी मागे असतो, हे आम्ही नंतर एकत्र वाचून काढलं. त्याच ठिकाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२:१७ च्या सुमारास येते, फेब्रुवारीत १२:४७ च्या सुमारास. दोन मुलं वर्षभर दर महिन्याला एकदा ती नोंद करत राहिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्याचा खर्च: एक काठी, एक दोरी, खडू. कुठल्याही दुकानात हे तयार मिळत नाही, आणि कुठलाही बाप हे रात्री बसून करून देऊ शकत नाही. प्रश्न निवडताना मी पुढे हीच कसोटी लावायला शिकले. मोजल्याशिवाय किंवा कुणाला विचारल्याशिवाय ज्याचं उत्तर मिळत नाही, आणि जे उत्तर आपल्याच गावाचं आहे, तो प्रश्न चांगला.

तुमचा ‘पाण्याची बचत’ हाच विषय या कसोटीवर घासून घ्या. शाळेतला गळका नळ दिवसाला किती पाणी वाया घालवतो? मिनिटाला साठ थेंब पडत असतील आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर मिनिटाला ३ मिलिलिटर, तासाला १८०, दिवसाला ४.३२ लिटर. वर्षाचे दीड हजार लिटरच्या वर. पण हे आकडे फळ्यावर लिहू नका. औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण नळाखाली धरून मुलांना मोजू द्या, कारण तुमच्या नळाचा थेंब वेगळा असेल. प्रत्येक गटाचं उत्तर थोडं वेगळं येईल आणि का आलं यावर तासभर बोलता येईल. मग ती आकडेवारी घेऊन मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहावा: नळ दुरुस्त करून द्या. अर्जाला उत्तर आलं पाहिजे, याची आधी मुख्याध्यापकांशी बोलून सोय करून ठेवा. आपण मोजलं आणि त्यानं काहीतरी बदललं, हे बाराव्या वर्षी अनुभवायला मिळणं फार मोलाचं असतं.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक करता येतो. बाटली सरळ भिंतीची हवी, पन्हाळीची असेल तर मोजमाप फसतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं सूत्र कळलं की मुलं शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजायला धावतात. शंभर चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी गटारात गेलं, हे त्यांचं त्यांना दिसतं. ‘पावसाचं पाणी साठवा’ या वाक्याला तेव्हा कुठे वजन येतं.

तुमचा जिल्हा साताऱ्याचा आहे, म्हणून एक विषय मनापासून सुचवावासा वाटतो, जरी तो विज्ञानाइतकाच इतिहासाचाही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. तो अनुभवलेली माणसं आज सत्तरीच्या घरात किंवा पुढे आहेत. तुमच्या मुलांच्या पणजोबा-पणजींपैकी, शेजारच्या आजी-आजोबांपैकी कुणीतरी ती पहाट सांगू शकेल: भांडी कशी पडली, जनावरं कशी ओरडली, किती दिवस अंगणात झोपलो. प्रत्येक गटानं एकाच माणसाला भेटायचं, पाच प्रश्न आधी वर्गात ठरवायचे, उत्तरं त्यांच्याच बोलीत उतरवायची. मग वर्गात सगळ्या आठवणी शेजारी शेजारी ठेवून बघायचं की कुठे जुळतात, कुठे नाही. कुठल्या गावात घरं पडली आणि कुठे नुसती हादरली, हे जिल्ह्याच्या नकाशावर मांडलं की भूकंपाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. भाषेच्या शिक्षकांनाही सोबत घ्या. एकाच कामाची नोंद दोन विषयांत करता आली तर तुम्हा दोघांचा वेळ वाचतो.

वेळेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते तुमच्या मनात असणार. अभ्यासक्रम मागे पडेल, गोंधळ होईल, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. या तिन्ही गोष्टी होतात. पहिल्या वर्षी तर होतातच. म्हणून एका सत्रात एकच प्रकल्प घ्या आणि तो लहान ठेवा: पंधरवड्यात चार तास आणि मधल्या सुट्टीतली रोजची दहा मिनिटं. कार्यानुभवाचा तास मिळत असेल तर मागून घ्या. धड्यातला जो भाग प्रकल्पातून होतो तो पुन्हा शिकवू नका, तिथे वेळ परत मिळतो. आणि ५२ मुलांना ५२ प्रकल्प कशाला? अख्ख्या वर्गाचा एकच प्रश्न घ्या, पाच-सहा जणांचे नऊ गट करा. तपासायला नऊ वह्या राहतात.

गटकामात एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. हस्ताक्षर चांगलं म्हणून वही मुलींच्या हातात जाते आणि काठी, टेप, बादली मुलांच्या. सगळं काम संपेपर्यंत एका मुलीनं मोजपट्टीला हात लावलेला नसतो. माझ्या वर्गात हे वर्षानुवर्षं होत होतं आणि माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. म्हणून कामं रोज फिरवा. आज मोजणारा उद्या लिहील, लिहिणारी परवा गटाच्या वतीनं बोलेल. कोण काय करणार याचा तक्ता भिंतीवर लावा, म्हणजे मुलंच एकमेकांना आठवण देतात.

दुसरी काळजी विषयाची. मुलांच्या घरातलं उघडं पाडणारे प्रश्न घेऊ नका. घरातली विजेची बिलं आणा, वंशवृक्ष काढा, घरात काय काय खाल्लं ते लिहा: हे विषय कागदावर निर्धोक दिसतात. पण ज्याच्या घरी मीटरच नाही, जिचे वडील सोडून गेलेत, ज्याच्या घरी रात्री चूल पेटली नव्हती, त्या मुलाला वर्गासमोर काय भोगावं लागतं? तुमच्या त्या मुलानं कळश्या मोजल्या त्या स्वतःहून, हे लक्षात असू द्या. तेच सक्तीनं सगळ्या वर्गाला दिलं असतं तर कुणीतरी खोटे आकडे लिहिले असते, आणि त्याला दोष देता आला नसता. म्हणून मोजायचं ते शाळेतलं आणि गावातलं असू द्या.

गुणांचं म्हणाल तर मांडणीला दहापैकी एक गुण ठेवा आणि तो पहिल्याच दिवशी जाहीर करा. बाकीचे गुण प्रश्न नीट समजला का, नोंदी वेळच्या वेळी केल्या का, आणि आकड्यांवरून काय म्हणता येतं व काय म्हणता येत नाही हे सांगता आलं का, यावर. शेवटी प्रत्येक गटाशी पाच मिनिटं बोला. त्यात एक प्रश्न हमखास विचारा: “कुठे चुकलं आणि मग तुम्ही काय केलंत?” काम स्वतः केलेला गट या प्रश्नावर थांबायचं नाव घेत नाही. कच्च्या नोंदींची वही, खाडाखोडीसकट, तीच संचिकेत लावा. मुख्याध्यापकांना संचिका पूर्ण हवी आहे, सुंदर हवी असं तुम्ही तरी लिहिलेलं नाही. त्यांच्यापुढे जाताना चार ओळींची योजना, त्यात कुठल्या धड्याचा कुठला भाग होईल, आणि वर्णनात्मक नोंदी कशा करणार ते लिहून घेऊन जा. कागद समोर असला की बोलणं सोपं होतं.

हे सगळं मोठ्या शहरातल्या श्रीमंत शाळांचं काम आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना होशंगाबादची गोष्ट सांगा. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यातल्या १६ साध्या, बहुतेक खेड्यांतल्या शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात झाली. मुलं गटानं प्रयोग करायची, नोंदी ठेवायची, निष्कर्ष आपले आपण काढायची. परीक्षेतही पुस्तक आणि वही उघडून बसायची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. सरकारी शाळा, सरकारी शिक्षक, स्वस्त साहित्य. २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला, याचं मला वाईट वाटतं. पण तीस वर्षं तो शेकडो शाळांतून चालला, म्हणजे साध्या शाळेत हे जमतं.

हे सदर वाचणाऱ्या पालकांशीही दोन शब्द बोलते, कारण अशी पत्रं त्यांच्याकडूनही येतात. मुलाचा प्रकल्प वाकडा झाला तर तो तसाच शाळेत जाऊ द्या. रात्री अकराला उठून तुम्ही तो सरळ केलात, तर मुलाला एवढंच कळतं की आपल्या हातचं कुणाला चालत नाही. मदत करायची असेल तर त्याच्याबरोबर विहिरीपर्यंत चालत जा, टेपचं एक टोक धरा, त्याचे प्रश्न ऐका. आणि खर्च झेपत नसेल तर त्या आईसारखं शाळेत येऊन स्पष्ट सांगा. त्यांनी सांगितलं नसतं, तर बाईंना हे पत्र लिहावंसं वाटलं असतं का, कोण जाणे.

बाई, त्या आईंनाही निरोप पाठवा. यंदा प्रकल्पाला एक रुपयाही लागणार नाही, एवढंच कळवा.

आता तो मुलगा. तो यंदा आठवीत, म्हणजे अजून तुमच्याच वर्गात असणार. त्याला गुण वाढवून देण्याचा मोह होईल. गेल्या वर्षीची नोंद आता बदलता येत नसेल तर नसू दे. त्याला त्या सहाचं दुःख असेलच, पण माझा अंदाज असा की जास्त दुःख वेगळं आहे. एकवीस दिवस केलेलं काम बाईंनी वाचलंच नाही, हे त्याला कळलं असणार. मुलांना ते कळतं. म्हणून त्याला एकट्याला बोलवा, स्टाफरूममध्ये नको, व्हरांड्यात चालेल. सरळ सांगा: “मी तुझी वही गुण देण्याआधी वाचली नव्हती. नंतर वाचली. माझं चुकलं.” कारणं देऊ नका. पट मोठा होता, घाई होती, हे खरं असलं तरी ते त्याला सांगायचं नाही.

आणि मग त्याच्या कामाविषयी बोला, खरंखुरं. आठव्या दिवशी कळश्या अचानक जास्त का लागल्या? पाणी आलंच नाही त्या दिवशी काय केलंत? कळशी किती लिटरची, ते मोजलंस का? वर्गासमोर त्याचं कौतुक करायची घाई नको. त्या वहीत त्याचं घर आहे. ती वर्गाला दाखवायची की नाही, हे त्यालाच विचारा, आणि तो नाही म्हणाला तर तो विषय तिथेच थांबवा. पण यंदाच्या प्रकल्पात शाळेच्या टाकीचा रोजचा हिशेब ठेवायचा असेल, तर तो कसा ठेवायचा हे त्याच्याकडून शिकून घ्या. तक्ता कसा आखला होता, सुट्टीच्या दिवशी नोंद कोण करायचं, खाडा पडला तर काय लिहायचं, हे सगळं त्यानं एकदा करून पाहिलेलं आहे.

वही अजून तुमच्या कपाटात असेल तर त्याला परत देण्याआधी एक करा. लाल पेन बाजूला ठेवून, पेन्सिलीनं, प्रत्येक पानाच्या समासात तुम्हाला पडलेला प्रश्न लिहा. एकवीस दिवसांचे एकवीस प्रश्न झाले तरी चालतील. मग त्याला सांगा, उत्तरं सावकाश दिलीस तरी चालेल.